मयताची आंघोळ

गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "टीचर, हे तुमच्या पाचूबंदरचंच ना?" उघडला तर दोन पोरं आमच्या आळीतल्या विहिरीच्या कठड्यावर बसलेली, एकाच्या हातात माईक, दुसऱ्याची टोपी उलटी, मागे ढॅण ढॅण संगीत. वसईची शापित विहीर म्हणे. पन्नास वर्षांपूर्वी इथे एका तरुण कोळणीचा खून झाला, खुनी आजवर सापडला नाही, वगैरे. मग त्यांनी वसईचा किल्ला दाखवला, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. मग पांढऱ्या साडीतली एक बाई केस मोकळे सोडून चालताना दाखवली. अरे मेल्यांनो, ती बाई लुगडं नेसायची, घट्ट कासोटा मारून, आणि केस मोकळे सोडून हिंडायला तिला वेळ कुठे होता! उजाडायच्या आत तिच्या डोक्यावर मासळीची टोपली असायची.

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण शेवटी त्या उलट्या टोपीवाल्यानं एका घराचं दार दाखवलं आणि म्हणाला, "गावकरी सांगतात, नवऱ्यानेच मारलं. तो आजही इथेच राहतो." त्या दारात दोरीवर म्हाताऱ्याचा बनियन वाळत होता. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी मोबाईल गादीवर आपटला. शेजारच्या पलंगावर माझी आय पडली होती. "काय झालं गो?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून निजली.

मी या आळीत जन्मले आणि इथेच म्हातारी झाले. लग्न केलं नाही, भावंड नाही. शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, आता आयचं हगणंमुतणं काढते. तिनं माझं काढलं होतं, त्यात उपकार कसले. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या आळीला ठाऊक आहे, त्यामुळे जे सांगायचं ते सरळच सांगते.

ती मेलेली बाई आमच्या समोरच्या घरातली. मी तिला मावशी म्हणायचे. हसली की सगळ्या आळीला ऐकू जायचं. तिला एक लहान मुलगी होती, माझ्याहून बरीच धाकटी, दिवसभर आमच्याच ओटीवर खेळायची. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मावशीचं आणि तिच्या नवऱ्याचं कडाक्याचं भांडण झालं. तो पिऊन आला होता आणि रस्त्यात उभा राहून ओरडला, "एक दिवस हिरीत ढकलीन तुला!" हे सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. तसं तेव्हा आमच्याकडे कोण ओरडत नव्हतं? रोज कोणी ना कोणी कोणाला तरी विहिरीत ढकलायचाच, आणि सकाळी दोघं मिळून बोंबील वाळत घालायची. पण दुसऱ्या सकाळी मावशी खरंच विहिरीत सापडली. पुरुषांनी दोर सोडून तिला वर काढली. आम्हा पोरांना घरात कोंडलं होतं, तरी मी खिडकीच्या फटीतून तिचे पाय पाहिले. माझा बाबा त्या वेळी कुठे होता, ते मला आठवत नाही. अलीकडे मी पुष्कळदा आठवून पाहिलं.

आता इथे आमची, म्हणजे वसईच्या ख्रिस्ती कोळ्यांची, रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यातच अडकलंय. कोणी मेलं की पुरुषाला पुरुष आंघोळ घालतात आणि बाईला बायका. आमच्या आळीत त्यासाठी तीन बायका ठरलेल्या होत्या, आणि त्यांत माझी आय पुढे, कारण तिचा हात धीट. कोमट पाणी घ्यायचं, अंग धुवायचं, केस विंचरायचे, लग्नातलं लुगडं नेसवायचं, मग हात छातीवर जोडून बोटांत जपमाळ गुंडाळायची. हे झाल्याशिवाय मयत माणसांसमोर आणायचं नाही. आणि एक नियम, जो कधी कोणी मोठ्यानं बोलून दाखवला नाही पण प्रत्येकीला ठाऊक: मयताच्या अंगावर जे दिसेल ते न्हाणीतच सोडायचं. कोणाच्या पाठीवर वळ असतील, कोणाच्या पोटात चार महिन्यांचं असेल, कोणाच्या मांडीवर डागल्याची खूण असेल. बाहेर येऊन अक्षर काढायचं नाही. मेलेल्या बाईची अब्रू तिच्या हातात नसते, ती न्हाऊ घालणारीच्या हातात असते, असं आय म्हणायची.

त्या सकाळी या तिघींनी तेच केलं. पाण्यातून काढलेली बाई ओल्या अंगानं, चिखलानं भरलेली कशी ठेवायची? पोलिसांना बोलवायला माणूस गेला होता, पण पोलिसांसाठी आंघोळ थांबवायची असते हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. हवालदार पोचले तेव्हा मावशी लग्नाच्या लुगड्यात, केसांत फुलं माळून, दोन मेणबत्त्यांच्या मधे निजली होती आणि बायका जपमाळेची प्रार्थना म्हणत होत्या. हवालदारानं कपाळावर हात मारून घेतला. "बायांनो, काय केलंत हे! सगळा पुरावा धुऊन टाकलात की!"

"आमी पुरावा नाय धुतला," आय त्याला म्हणाली. "बाई न्हायला घातली. तशीच ठेवायची होती काय?"

ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं आळीत लोक कौतुकानं सांगायचे. काय पण सुनावलं पोलिसाला! मीही शाळेत मैत्रिणींना फुशारकीनं सांगितलं होतं.

पोलिसांनी प्रेत नेलं, डॉक्टरांनी तपासलं. डोक्याला मागून मार होता. पण तो कोणी मारलेला की पडताना दगड लागला, हे नक्की सांगता येईना. मावशीचा भाऊ अर्नाळ्याचा, त्यानं तक्रार केली, नवऱ्याला पकडलं. तिघी न्हाऊ घालणाऱ्या बायकांना चौकीवर बोलावून पुन्हा पुन्हा विचारलं, अंगावर काय दिसलं? ओरखडे, वळ, काहीतरी? तिघींनी एकच उत्तर दिलं, काही नाही. वसईच्या कोर्टात केस उभी राहिली आणि पुराव्यावाचून पडली. दुसरं कोणी कधी सापडलं नाही. कागदावर तो खून आहे की अपघात, हेसुद्धा ठरलेलं नाही.

कोर्टानं सोडला, पण आळीनं सोडला नाही. मामानं मुलीला अर्नाळ्याला नेलं ते कायमचं. नवऱ्याला कोणी बोटीवर घेईना. चर्चमध्ये तो बसला की बाक रिकामा व्हायचा. पोरं त्याला पाहून विहिरीत दगड टाकल्याचा आवाज तोंडानं काढायची, डुबुक. त्यानं दारू सोडली, कोणाशी भांडण केलं नाही, वर मान करून कधी चालला नाही. तो असा वागतो म्हणजे त्यानंच केलं असणार, असं लोक म्हणायचे. तो उलट उत्तर देणारा असता तरी लोक तेच म्हणाले असते.

शेवटी त्याला बोटीवर घेतलं ते माझ्या बाबानं. सगळ्यांनी नाकं मुरडली, तरी घेतलं. स्वतः मरेपर्यंत त्याला ठेवून घेतलं, सणाला त्याच्याकडे पापलेट पाठवलं. फादरनी एकदा प्रवचनात नाव न घेता बाबाचं उदाहरण दिलं, क्षमा करावी तर अशी. माझी छाती फुगली होती. माझा बाबा होताच तसा. मोठ्यानं गाणारा, मला खांद्यावर बसवून बंदरावर नेणारा, मी बी.एड.ला गेले तेव्हा सगळ्या आळीला लाडू वाटणारा. त्याच्यासारखा माणूस मला दुसरा दिसला नाही म्हणून मी लग्न केलं नाही, असं मी गमतीनं म्हणायचे. ती अर्धीच गंमत होती.

आयनं मात्र मावशीनंतर कुठल्याच मयताला हात लावला नाही. कोणी बोलवायला आलं की म्हणायची, हात कापतात. बाबा गेला तेव्हा मी कोसळले. भिंतीवर डोकं आपटून रडले. आयच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. एवढा देवमाणूस नवरा गेला आणि ही बाई दगडासारखी बसून राहिली, हा राग मी तिच्यावर कित्येक वर्षं धरला. तोंडावर बोलूनही दाखवला. तिनं ऐकून घेतलं.

मावशीची मुलगी दोन वर्षांपूर्वी परत आली. नवरा वारला होता, मुलं बाहेरगावी. तिचा म्हातारा बाप अंथरुणाला खिळला होता आणि बघायला कोणी नव्हतं, म्हणून आली. मी तिला म्हटलंसुद्धा, "कशाला आलीस?" ती म्हणाली, "कोण करणार? रस्त्यावर थोडंच टाकणार?" तिनं त्याचं सगळं केलं, न्हाऊ घातलं, भरवलं, कूस बदलली. पण त्याला तिनं एकदाही बाबा म्हटलं नाही. "ओ, जेवा." "ओ, औषध घ्या." तो तिच्याकडे बघत राहायचा आणि तोंड उघडायचा.

या वर्षी एका सकाळी तो गेला. मी जाऊन आले. दुपारी ती आमच्याकडे आली, एकटीच. आयच्या पलंगाशी जमिनीवर बसली. तिचा चेहरा रडलेला नव्हता, चिडलेला होता.

"मावशी," ती आयला म्हणाली, "कबर खणणारा विचारतोय, कोणाची उघडू?"

आमच्याकडे जागा कमी. घराला कबर एकच. आधीचं माणूस माती झालं की हाडं कापडात गोळा करून कडेला ठेवतात आणि नवीन माणूस त्याच जागी येतं. नवरा बायकोवर, मुलगा बापावर. म्हाताऱ्याची एकच इच्छा होती, ती त्यानं फादरना, मला, जो भेटेल त्याला सांगून ठेवली होती. मला तिच्यापाशी ठेवा.

"मी त्याला आईच्या अंगावर ठेवणार नाही," ती म्हणाली. "त्यानं मारलं असेल तर मी हे मुळीच होऊ देणार नाही. पण नसेल मारलं तर? मग मी त्याची शेवटची एक गोष्ट पण नाही ऐकली असं होईल. लहानपणापासून मामानं मला सांगितलं, तुझ्या बापानं मारलं. मी कधी त्याला विचारलं नाही. आता विचारायला तो नाही. आईला तुम्ही आंघोळ घातली. बाकीच्या दोघी गेल्या. तुम्हीच राहिलात. तुम्हाला काय दिसलं? मला रीतबीत सांगू नका. संध्याकाळी माती आहे. आत्ता सांगा."

मी मधे पडले. "अगं, ती पंचाऐंशीच्या पुढची, तिला काय आठवणार..."

"तू गप बस," आय मला म्हणाली.

तिला उठून बसायचं होतं. मी पाठीला उशी दिली. तिनं तोंड पुसलं आणि त्या बाईकडे बघत बोलायला लागली.

"तुझ्या बापसानं नाय मारली, बाय."

"कशावरून?"

"तुझ्या आयची उजवी मूठ बंद होती. जपमाळ घालायची तर बोटं सरळ करावी लागतात. एक पानी ओतत होती, दुसरी पाय धुवीत होती, मूठ मी उघडली. आत पदक होतं. मरियामातेचं, काळ्या दोऱ्यातलं. दोरा तुटलेला."

आमच्या आळीत तेव्हा प्रत्येक पुरुषाच्या गळ्यात असं पदक असायचं. मी तेच म्हणाले. "कोणाचंही असेल."

"दोऱ्याला गाठ माझी होती," आय म्हणाली. "माझ्या माहेरची. माझा बापूस जाळ्याला मारायचा ती. इथं तशी कोन मारीत नाय. मी एकालाच बांधून दिलं होतं."

मला काही क्षण खरंच समजलं नाही. मावशीची मुलगी माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा समजलं.

"खोटं," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले बहुतेक. "पडलं असेल कुठेतरी. तिनं उचललं असेल. पाण्यात असेल."

"मूठ उघडायला मला दोनी हात लागले," आय माझ्याकडे बघून म्हणाली. "ते मी ओटीत लपवलं. रातच्याला तुझ्या बापसाला विचारलं, तुझं पदक कुठं रे? म्हनला, दर्यात पडलं. मग मी ते खरंच दर्यात टाकलं. आनि त्याला नवीन बांधून दिलं."

"का मारलं?" मावशीच्या मुलीनं विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"नाय ठाऊक. मी कधी विचारलं नाय. विचारलं असतं तर तो सांगता. मग मी काय करनार होते?"

 मी आयवर ओरडले. आता लिहितानाही मला तिचा राग येतो, आणि बाबाचा येत नाही, ही माझी लाज आहे. मी ओरडले की पन्नास वर्षं तो माणूस कुत्र्यासारखा जगला, तुझ्या डोळ्यांदेखत जगला, तुला बोलता नाही आलं? बाबा गेल्यावर तरी?

"तो जीता होता तवर तुझं शिक्षन होतं," आय म्हणाली. "खुन्याची पोर म्हनून तुला कोन शाळेत घेता? मेल्यावर सांगनार होते. पन तू भिंतीवर डोकं आपटून रडत होतीस. तुला बापसाची माया किती होती ते मला दिसत होतं. मग नाय सांगितलं."

मावशीची मुलगी उठली. मला वाटलं, ती आता शिव्या देईल, थुंकेल, काहीतरी फेकेल. तिनं साडी नीट केली. "हे तिथे येऊन सांगा," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. त्याची माती व्हायच्या आत."

"चल," आय म्हणाली.

आय तीन वर्षं उंबऱ्याबाहेर गेली नव्हती. आळीतल्या दोघा पोरांनी तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलली. मी मागून चालले. रस्ता ओलांडायचा तेवढाच, पण मला मनातून वाटत होतं की तिचं भान जावं, तिला वाचा फुटू नये, खुर्चीचा पाय मोडावा. हो, वाटलं. मला माझा बाबा वाचवायचा होता.

म्हाताऱ्याला पुरुषांनी आंघोळ घालून कोट चढवला होता. बायका प्रार्थना म्हणत होत्या, आयला आलेली पाहून थांबल्या. फादर नुकतेच पोचले होते. आयनं खुर्ची म्हाताऱ्याच्या पायाशी ठेवायला सांगितली आणि म्हणाली, "ह्यानं बायकोला मारलं नाय. माझ्या नवऱ्यानं मारलं. मला त्याच सकाळी कळलं होतं आनि मी बोलले नाय. ह्याला तिच्यापाशी ठेवा."

 एका म्हातारीनं हळू आवाजात प्रार्थना जिथे तुटली होती तिथून पुन्हा सुरू केली आणि बाकीच्या तिच्यामागून म्हणू लागल्या. मावशीची मुलगी त्याच्या उशाशी जाऊन बसली. "बाबा," ती म्हणाली. एकदा नाही, म्हणतच राहिली, कोटाची कॉलर नीट करत, गालाला हात लावत. शवपेटी बंद करायच्या वेळी तिला दोघींनी धरून बाजूला घेतलं.

संध्याकाळी मावशीची कबर उघडली. तिची हाडं कापडात गोळा केली आणि त्याच्या शेजारी ठेवली. आळीतले यच्चयावत लोक आले होते. ज्यांनी त्याच्यासाठी बाक रिकामा केला होता ते मूठ मूठ माती टाकत होते. माझ्याशेजारी कोणी उभं राहिलं नाही. मी त्यांना दोष देत नाही.

त्यानंतर आमच्याकडे कोणी येत नाही. मासळीवाली दारावरून जाते, हाक मारत नाही. मावशीची मुलगी समोरच राहते. एकदा विहिरीवर समोरासमोर आलो, तेव्हा ती म्हणाली, "तुझा काय दोष गं," आणि कळशी घेऊन निघून गेली. मला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

आयला आता अन्न जात नाही. परवा दुपारी मी तिचं अंग पुसत होते, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. "एक ऐक," म्हणाली. "मला तुझ्या बापसावर ठेवू नको. फादरना सांगून दुसरीकडं कुठं पन बघ. कडेला, भिंतीशी, कुठं पन. त्याच्यासंगती नको."

"बरं," मी म्हणाले.

फादरना मी विचारलं. आयसाठी भिंतीकडे एक जागा देतो म्हणाले. आमच्या घराच्या कबरीत मग जायला एक मीच उरते. फादरनी विचारलं, तुमच्यासाठी काय करू? मला उत्तर देता आलं नाही. अजून देता आलेलं नाही, कारण मला अजूनही बाबापाशीच जायचं आहे.